मच्छिंद्र आवारी, घरगुती ड्रायव्हर

सत्तर-ऐंशीच्या काळात दोह्यात ज्यांनी बास्केटबॉलचे सामने बघितले, त्यांना मच्छिंद्र आवारी हे नाव सांगून काही उपयोग नाही. त्यांना ‘तवील’ म्हणून सांगावं लागतं. तवील म्हणजे लांबडा. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने बसायची आणि हा सहा फूट चार इंचांचा मराठी गडी रिंगखाली पाठ करून उभा राहिला, की ‘तवील, तवील’ असा एकच गिल्ला व्हायचा. पण त्याचा पासपोर्ट उघडून बघितला, तर परवान्याच्या शिक्क्यात कामधंद्याच्या रकान्यात अरबीत लिहिलेलं होतं, घरगुती ड्रायव्हर. पायऱ्यांवरच्या दोन हजार माणसांना जे ठाऊक होतं ते त्या शिक्क्याला ठाऊक नव्हतं, आणि अशा बाबतीत शेवटी शिक्क्याचंच खरं धरतात.

मच्छिंद्र अकोले तालुक्यातला. त्या भागात एवढी उंची म्हणजे चेष्टेचा विषय. लग्नात मांडवाचं छत बांधायला शिडी मिळाली नाही तर ‘आवाऱ्याच्या पोराला बोलवा’ म्हणायचे. अठराव्या वर्षी तो खडकीला लष्करात भरती झाला. तिथल्या एका सुभेदाराने त्याला रिंगखाली उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. मच्छिंद्रने टाचा उचलल्या आणि त्याची बोटं जाळीला लागली. सुभेदार म्हणाला, “बस. आता फक्त चेंडू कसा धरायचा तेवढं शीक.” बाकीचं मग सात वर्षांत आलं. पाठीने माणूस अडवून जागा राखायची, बोर्डावरून सुटलेला चेंडू बोटांच्या शेंड्यांवर घ्यायचा, आणि अंग अर्धं वळवून एका हाताने डोक्यावरून तो रिंगेत सोडून द्यायचा. हा शेवटचा फटका त्याचा खास होता. चेंडू सुटला की तो मागे वळून बघायचाही नाही.

लष्करातून सुटल्यावर तो मुंबईत एका गिरणीत ट्रक चालवायला लागला आणि गिरणीच्या संघातून खेळायला लागला. घरी बायको सत्यभामा आणि पाच वर्षांची मुक्ता. त्या वेळी पावसाळ्यात आखाती अरब मुंबईला हवा खायला यायचे. शहात्तर साली नागपाड्याच्या मैदानावर एक सामना चालला होता. अबू नासिर नावाचा दोह्याचा व्यापारी कुणाच्या तरी सोबत सहज तिथे येऊन बसला. मोटारींच्या सुट्या भागांचा त्याचा धंदा, आणि एका क्लबचा तो अध्यक्ष. मच्छिंद्रने त्या दिवशी एकट्याने अडतीस गुण केले. सामना संपताना अबू नासिरने मुंबईच्या हिंदीत शेजारच्याला विचारलं, “ये लंबा आदमी किधर काम करता?”

आठवड्याभरात मोहम्मद अली रोडवरच्या एका एजंटाच्या खोलीत मच्छिंद्र बसला होता. सोबतीला थोरला भाऊ धोंडीराम गावाहून आला होता, कारण आवाऱ्यांकडे बैल घ्यायचा असो की नोकरी, दोघांनी मिळून बघायची पद्धत. एजंटाने टेबलावर दोन कागद ठेवले. एक खेळाडूचा. करार दोन वर्षांचा, राहायला फ्लॅट, बायको-मुलांचा व्हिसा सोबत, पण दोन वर्षांनी क्लबची मर्जी. दुसरा घरगुती ड्रायव्हरचा. पगार कमी, राहायला मालकाच्या वाड्यातली खोली, एकट्याने यायचं, पण व्हिसा दर वर्षी नवा होत राहणार. खेळायचं मात्र दोन्हीत होतं.

दोघे भाऊ बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. धोंडीराम म्हणाला, “मच्छू, पाय किती वर्सं चालतील? दहा? लायसन मरंस्तवर चालतं.” मच्छिंद्रलाही तेच वाटत होतं. चेंडूवर पोट भरतं हे त्याला आतून कधी खरंच वाटलं नव्हतं. धोतर नेसणाऱ्या बापाच्या पोराने चड्डी घालून उड्या माराव्यात आणि त्याचा कुणी पगार द्यावा, ही गंमत आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल आणि बंद पडेल, अशी त्याला धास्ती होती. त्याने ड्रायव्हरचा कागद उचलला. अबू नासिर हसला. हसणारच. ड्रायव्हरच्या पगारात त्याला संघाचा खांब मिळाला होता.

शहाणपण म्हणून केलेली ही गोष्ट. शहाणी माणसं अशीच करतात, आणि तिच्याखाली तेरा वर्षं दबून राहतात.

दोह्यात त्याचा दिवस अबू नासिरच्या आईपासून सुरू व्हायचा. तिचं नाव मैमुना. सकाळी आठला ती काळा अबाया सावरत मागच्या सीटवर बसायची आणि ‘यल्ला’ म्हणायची की गाडी निघायची, ‘खलास’ म्हणायची की थांबायची. मधलं सगळं तिच्या हाताच्या खुणांवर. भाजीबाजार, लेकीचं घर, बहिणीचं घर, दवाखाना. मच्छिंद्रचे गुडघे स्टिअरिंगला लागत म्हणून गॅरेजमधल्या कारागिराने ड्रायव्हरची सीट काढून नवी भोकं पाडून वीतभर मागे बसवली होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे त्याच्या मागे कुणी बसू शकत नसे आणि मैमुनाला कायम उजवीकडेच बसावं लागे. तिला ते मुळीच आवडायचं नाही. हा माणूस गुरुवारी संध्याकाळी काय करतो याची तिला फारशी कल्पना नव्हती. मुलगा त्याला खेळायला नेतो एवढंच ठाऊक. एकदा बाजारात पाच-सहा जणांनी त्याला घेरून हात मिळवायला सुरुवात केली, तेव्हा तिला वाटलं गाडीने कुणाला धडक दिली. ती आतून ओरडू लागली. मच्छिंद्र दोन्ही खांद्यांवर कलिंगडांची पोती घेऊन उभा, आणि लोक त्या पोत्यांखाली वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघताहेत.

खेळ मात्र त्याने राजासारखा केला. पहिल्या हंगामात क्लब पाचवा होता तो दुसरा झाला, तिसऱ्या हंगामात पहिला. संघात इद्रीस नावाचा एक सुदानी गडी होता. बुटका, चपळ, चेंडू आणून नेमका मच्छिंद्रच्या हातात टाकणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे त्यांचं कधी भांडण झालं नाही. इद्रीस खेळाडूच्या व्हिसावर आला होता. अल सद्द भागात त्याला फ्लॅट होता, बायको होती, तीन मुलं होती. सामना संपला की मुलं धावत मैदानात यायची आणि बापाच्या पायाला लोंबकळायची. इद्रीसची बायको डब्यातून काहीतरी आणायची, त्यातलं अर्धं मच्छिंद्रला द्यायची. मच्छिंद्र ते खायचा, ‘शुक्रन’ म्हणायचा आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकायचा. नाडी सोडायला त्याला फार वेळ लागायचा.

अठ्ठ्याहत्तर साली त्याने पहिल्यांदा अबू नासिरपुढे विषय काढला. कागदावर ड्रायव्हरचं खेळाडू करून द्या, किंवा ट्रेनर करा, म्हणजे बायको आणि मुलगी आणता येतील. अबू नासिर वाईट माणूस नव्हता, ही एक अडचणच होती. वाईट असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो म्हणाला, “इन्शाल्ला, रमदान के बाद.” रमजान झाला. मग हंगाम आला. हंगामानंतर अबू नासिर युरोपात गेला. क्लबला परदेशी खेळाडूंचे व्हिसे मिळायचे मोजके, त्यात एक इद्रीसचा. मच्छिंद्र तर ड्रायव्हरच्या व्हिसावर बिनबोभाट खेळतच होता, मग त्याच्यासाठी एक जागा कशाला अडवायची? आणि त्याने धंदा बदलला तर म्हातारीला कोण फिरवणार? असं ते भिजत घोंगडं पडलं.

ऐंशी साली क्लबने चषक जिंकला. शेवटच्या सामन्यात मच्छिंद्रने सव्वीस गुण केले आणि समोरच्या संघाच्या उंच माणसाला एकदाही रिंगेच्या जवळ फिरकू दिलं नाही. अबू नासिर मैदानात आला, सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडला, म्हणजे छातीवर डोकं टेकवलं, आणि म्हणाला, “बोलो, क्या मांगता?” मच्छिंद्रला घाम पुसायचंही भान राहिलं नाही. तो म्हणाला, “शेठ, वो वीज़ा का काम.”

अबू नासिरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. “मचिंदर, तुम मेरा बेटा है. बेटे को वीज़ा क्या करने का?” असं म्हणून त्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या मनगटात घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रनेही वाजवल्या. दुसरं काय करणार?

क्लबच्या कचेरीत रंगनाथ नावाचा टायपिस्ट होता, नाशिककडचा. दर वर्षी मच्छिंद्र त्याच्याकडून इंग्रजीत अर्ज टाइप करून घ्यायचा आणि अबू नासिरच्या टेबलावर ठेवायचा, आणि दर वर्षी त्या अर्जाला गोड बोलून वाटाण्याच्या अक्षता मिळायच्या. रंगनाथ एकदा वैतागून म्हणाला, “मच्छिंद्रराव, तुम्ही दोन सामने वाईट खेळा. बघा कशी सही होते ते.”

मच्छिंद्रने खरंच विचार केला. पुढच्या गुरुवारी मैदानात उतरला तेव्हा मनात पक्कं होतं. पण चेंडू हातात आला, पाठीला समोरच्याचं वजन जाणवलं, आणि अंग आपोआप वळलं. एकतीस गुण झाले. हात त्याचं ऐकेनात. घरी सत्यभामाला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग एक्याऐंशी साली इद्रीसचा खेळ ओसरला. क्लबने करार वाढवला नाही. आठवड्याभरात फ्लॅट रिकामा करून, तीन मुलांची दप्तरं आणि गाद्या बांधून ते कुटुंब विमानतळावर उभं होतं. मच्छिंद्रनेच गाडीतून सोडलं. इद्रीसची धाकटी मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून रडली. परत येताना त्याला वाटलं, धोंडीराम म्हणत होता तेच खरं होतं, मी शहाणपणा केला. आणि पुढच्याच सिग्नलला वाटलं, पण पाच वर्षं त्याची पोरं त्याच्यासोबत होती. पाच वर्षं. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा त्याने गाडी पुढे काढली.

दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. त्याही वेळी पासपोर्ट अबू नासिरच्या कपाटातून निघायचा आणि देशाबाहेर जायच्या परवान्यावर त्याची सही लागायची. गावी गेला की मुक्ता पहिले आठ दिवस त्याच्याशी लाजून बोलायची. नंतर जरा सरावायची, आणि सरावली की सुट्टी संपायची. त्र्याऐंशीच्या सुट्टीत मुक्ता बारा वर्षांची होती. तिने बापाला विचारलं, “दादा, आमाला तिकडं कव्हा नेनार?” तो म्हणाला, “सायबाची सही ऱ्हायलीय.” हे उत्तर तो पाच वर्षं देत होता. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

त्या संध्याकाळी सत्यभामा गोठ्यात धार काढत होती. तो दाराच्या चौकटीखाली वाकून आत गेला आणि तिला सगळं सांगून टाकलं. दोन कागद होते. एकात तुमचा व्हिसा होता. मी दुसरा उचलला.

सत्यभामाचे हात थांबले नाहीत. “मला ठावं हाये,” ती म्हणाली. “भावजींनी तव्हाच सांगितलं व्हतं.”

“मंग बोलली का न्हाई कव्हा?”

“बोलून काय कागद बदलला असता का?” ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, “आन मला इचारलं असतं, तरी म्या बी ड्रायव्हरचाच घ्या म्हन्ले असते. चेंडूचा काय भरवसा?”

मच्छिंद्र तिथेच शेणाच्या पाटीशेजारी बसून राहिला. तिने रागवावं म्हणून तो सात वर्षं तयारी करत आला होता. ही तर त्याच्याच बाजूची निघाली. मग या सगळ्याचा राग कुणावर काढायचा ते त्याला कळेना.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गुडघा गेला. बोर्डावरून चेंडू घेऊन खाली येताना त्याचा पाय दुसऱ्या कुणाच्या पायावर पडला. काडकन आवाज पायऱ्यांवरच्या वरच्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशन चांगलं केलं, पण छत्तीस वर्षांचा गुडघा पुन्हा उडी मारण्यासारखा राहिला नाही. क्लबने एक समारंभ केला, त्याच्या नंबरचा बनियन काचेच्या चौकटीत लावला. पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाला तरी लोक तवील म्हणायला लागले, आणि तो जेमतेम सहा फुटांचा होता.

खेळाडूच्या व्हिसावर असता तर महिन्याभरात मुंबईचं विमान होतं. पण तो घरगुती ड्रायव्हर होता. डावा पाय क्लच दाबेना म्हणून मैमुनाने हट्ट करून बिनक्लचची गाडी घ्यायला लावली. तिला नवा ड्रायव्हर नको होता. नव्याला तिच्या खुणा शिकवायच्या कुणी? म्हणजे लायसनने दगा दिला नाही. एजंटाच्या जिन्यात दोघा भावांनी जे गणित केलं होतं ते अगदी बरोबर सुटलं होतं, आणि मच्छिंद्र रोज सकाळी आठला त्या बरोबर सुटलेल्या गणितात बसून भाजीबाजारात जात होता.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत मैमुना गेली. मच्छिंद्रला वाटलं त्यापेक्षा जास्त रडू आलं. बारा वर्षं ती त्याच्याशी दोनच शब्द बोलली होती, पण तिच्याइतका वेळ त्याने जगात कुणासोबतच काढला नव्हता, बायकोसोबतही नाही. चाळीस दिवस झाल्यावर अबू नासिरने त्याला मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, बोलावलं. अबू नासिर म्हातारा दिसत होता. म्हणाला, आता गाडी कुणासाठी चालवणार? क्लबला ट्रेनर पाहिजे. तुझा धंदा बदलून घेऊ. बिन महमूद भागात क्लबचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बीबी-बच्ची को बुलाओ.

अकरा वर्षं जे मागितलं ते असं एका कॉफीच्या कपात मिळालं. रंगनाथने अर्ज टाइप केले. एक धंदा बदलण्याचा, एक कुटुंबाच्या व्हिसाचा. क्लबशी दोन वर्षांचा करार, तो मोडता येणार नाही अशी अट होती. मच्छिंद्रने सह्या केल्या. कुटुंबाच्या अर्जात दोन नावं घातली: सत्यभामा, पत्नी. मुक्ता, मुलगी, अविवाहित. एकोणनव्वदच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पासपोर्टसकट सगळी फाइल सरकारी कचेरीत गेली. त्याच आठवड्यात त्याने फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी आणली आणि मुक्तासाठी खिडकीजवळ पलंग टाकला. सहा फूट लांबीचा मुद्दाम करून घेतला. पोरगी बापावर गेली होती, पाच फूट नऊ.

आठ दिवसांनी तार आली. मुक्ताचं लग्न ठरलं होतं. संगमनेरचा मुलगा, पतपेढीत नोकरीला. मुलाची आजी शेवटच्या घटका मोजत होती, तिला नातसून बघायची होती, म्हणून पंधरा दिवसांत उरकायचं होतं. पाठोपाठ धोंडीरामचं पत्र आलं. एवढ्या उंच पोरीला तिच्याहून उंच आणि नोकरीचा मुलगा पुन्हा मिळणार नाही, तुझ्या परवानगीला थांबलो असतो तर स्थळ गेलं असतं, तू फक्त ये.

मच्छिंद्र पत्र घेऊन रंगनाथकडे गेला. “अर्ज माघारी घ्या,” तो म्हणाला. “पासपोर्ट पाहिजे.”

“अहो, मागे घेतला तर वर्षभर पुन्हा करता येत नाही.”

“न्हाई आला तर न्हाई आला. पोरीचं लगीन हाये.”

रंगनाथ गेला आणि दुपारी परत आला. फाइल खिडकीवरून वर गेली होती. वर गेलेली फाइल सही होऊनच खाली येते, मधून काढता येत नाही. पासपोर्ट फाइलला टाचलेला. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र स्वतः गेला. खिडकीतल्या माणसाने मान वर केली, मग आणखी वर केली, आणि त्याचा चेहरा खुलला. “तवील!” त्याने आतल्या दोघांना बोलावलं. चहा मागवला. ऐंशी सालच्या अंतिम सामन्यातला एक फटका त्याने उभं राहून करूनही दाखवला. पासपोर्टचं विचारल्यावर मात्र त्याने दोन्ही हात वर केले. तो काय करणार? सही मोठ्या साहेबाची, साहेब रजेवर, सोमवारी येणार.

लग्न रविवारी होतं.

शेवटी अबू नासिर काठी टेकत स्वतः गेला. तासभर बसला, कॉफी प्याला, परत आला आणि गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, “मचिंदर, माफ करो.” अकरा वर्षं ज्याच्या एका सहीवर सगळं अडलं होतं, त्या माणसाची सही आता कामाची नव्हती. मच्छिंद्रला त्याची कीव आली. स्वतःची येऊ द्यायला त्याला अजून वेळ होता.

रविवारी तो दिवसभर फ्लॅटमध्ये बसून राहिला. लग्नघटिका दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे दोह्यात साडेनऊ. साडेनऊला तो उठून उभा राहिला. दहा मिनिटं उभा होता. मग बसला.

लग्नाची कॅसेट गावाकडच्या एकाने आणून दिली. शुक्रवारी दुपारी त्याने ती टेपरेकॉर्डरवर लावली. मंगलाष्टकांचा गलबला, मग शांतता, मग भटजींचा आवाज: “कन्यादानाला आईवडील बसा.” कुणीतरी हळूच काहीतरी बोललं. मग भटजी म्हणाले, “मग जोडीने दुसरं कोण?” धोंडीराम आणि त्याची बायको तानूबाई बसले. नवऱ्यावाचून एकटीला बसता येत नाही, म्हणून सत्यभामा बसली नाही. नवरा जिवंत, धडधाकट, तीन तासांच्या विमानावर, आणि तिला आपल्या एकुलत्या एका लेकीचा हात द्यायला बसता आलं नाही. टेपवर तिचा आवाज एकदाच आला, पंगतीच्या बाजूने. कुणाला तरी म्हणत होती, “वाढा, वाढा, कमी पडू देऊ नका.”

सोमवारी साहेब आलेच होते. सहीही झाली होती. मंगळवारी पासपोर्ट हातात पडला होता, त्यात नवा शिक्का: ट्रेनर. आणखी महिन्याने कुटुंबाचा व्हिसा आला. त्यातल्या मुक्ताच्या नावापुढे अविवाहित असं छापलेलं होतं. रंगनाथने पट्टी लावून ते नाव नीट खोडलं आणि म्हणाला, “वहिनींचा तरी आला ना. तीन महिन्यांची मुदत आहे, लवकर बोलवा.”

मच्छिंद्रने पत्राने दिवस कळवून गावच्या दूध डेअरीतल्या फोनवर कॉल लावला. टेलिफोनच्या कचेरीतल्या काचेच्या खोलीत तो मान वाकवून उभा राहिला. लाइन लागली. पलीकडे सत्यभामा आधीपासून येऊन थांबली होती.

“व्हिसा आला,” तो म्हणाला. “तुझा. आता काई आडत न्हाई. पुढच्या महिन्याचं तिकीट काढतो.”

पलीकडून नुसते डेअरीतले कॅन आपटल्याचे आवाज येत होते.

“ऐकू येतंय का?”

“येतंय,” ती म्हणाली. “आवो, पंचमीला पोर येईल. पयली पंचमी हाये. मंग दिवाळी. तिला आनायला मुराळी इथून धाडायचा. म्या तिकडं आल्यावर ती कुलूप बघून माघारी जाईल का?”

“धोंडीबा हाये की.”

“चुलत्याचं घर चुलत्याचं असतं. सासरची मानसं लगेच म्हनतील, हिला माहेर न्हाई. बाप न्हाई दिसला लग्नात, आता आई बी गेली.” तिचा आवाज जरा खाली आला. “तव्हा दोघींनी यायचं व्हतं. आता तिचं माहेर म्हंजी म्या हाये. म्या जाग्यावर ऱ्हायला पाहिजेल.”

त्याला म्हणायचं होतं, मग मीच येतो. सगळं सोडून येतो. पण दोन वर्षांचा करार होता, त्यावर त्याचीच सही होती, आणि ती त्याने ज्या कारणासाठी केली होती ते कारण आत्ता फोनवर नाही म्हणत होतं. तिचं चूक म्हणावं तर तेही नव्हतं.

“जावई बघितला का फोटूत?” तिने विचारलं.

“बघितला.”

“चांगला हाये. पोरीला जपतो.”

मध्येच ऑपरेटर बाईचा आवाज आला, इंग्रजीत. तीन मिनिटं झाली, वाढवायची का? मच्छिंद्र घाईघाईने ‘येस, येस’ म्हणाला. त्याला अजून तिच्याशी बोलायचं होतं, काय ते ठाऊक नव्हतं, पण बोलायचं होतं.

“नगं,” पलीकडून सत्यभामा म्हणाली, “उगा खर्च कशाला,” आणि तिने फोन ठेवला.